थांबाबाई

आईने पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या यादीतलं चौथं नाव खोडलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

“काय म्हणाले?” धाकटीने विचारलं.

“म्हणाले, चित्रकला शिकवतो, हवं तर मातीकामही शिकवतो. पण चित्रांचा इतिहास म्हणजे कुठलं चित्र कोणी कधी काढलं तेच ना? ते गाइडात असतं.”

“त्या विषयाचं गाइड निघतच नाही.”

“तेही सांगितलं. तर म्हणे, मग घेतेच कशाला ती असला विषय?”

धाकटीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. जुनी, फाटलेली, ओल लागलेली चित्रं दुरुस्त करायला शिकवणारं एक कॉलेज तिने हेरून ठेवलं होतं आणि तिथे प्रवेशाला कलेचा इतिहास लागत होता. परीक्षेला बसायला शाळेची हरकत नव्हती. शिकवायला मात्र शाळेत चार वर्षांपासून कोणी नव्हतं.

गंमत म्हणजे यादीतल्या चौघांनीही फोन ठेवता ठेवता एकच सुचवलं होतं: त्या बाई आहेत ना, त्यांना विचारा की. शाळेच्या ग्रंथपालांनी तर न मागता पत्ता लिहून दिला होता. आईने तो यादीत उतरवला नव्हता.

“मला पहिल्यापासून त्याच हव्या होत्या,” धाकटी म्हणाली. “दादा सांगायचा ना त्यांच्या गोष्टी.”

“बघू,” म्हणून आई उठली आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागली.

त्या बाईंना मुलं थांबाबाई म्हणत. वर्गात चित्र दाखवलं की कोणीतरी घाईने उत्तर द्यायचं आणि बाई म्हणायच्या, “थांबा. अजून बघा.” असं बघता बघता तास संपायचा. चार वर्षांपूर्वी थोरला त्यांच्या वर्गात होता. वर्षाच्या शेवटी तो त्या विषयात कसाबसा, काठावर सुटला आणि आईने मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं.

आई पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात होती. सोळा वर्षं लोकांच्या तक्रारी वाचून, चांगली तक्रार कशी असते ते तिला पक्कं कळलं होतं. रागाचा शब्द नको, आकडे हवेत. पत्रात तिने एवढंच लिहिलं की अभ्यासक्रमात चाळीस चित्रं आहेत, वर्षभरात अकरा झाली, आणि वर्गातली नऊ मुलं पस्तीसच्या खाली आहेत. खाली एकोणीस पालकांच्या सह्या, पहिली तिची. महिनाभरात बाईंनी राजीनामा दिला. नवं माणूस मिळालं नाही आणि विषयच बंद पडला.

शनिवारी ती एकटीच गेली. एका शिवणदुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर बाई राहत. जिना चढताना आईने तीन वाक्यं मनात जुळवली होती. बाईंनी दार उघडलं आणि तिन्ही पळाली.

“मुलीसाठी आले होते. शेवटचं वर्ष आहे तिचं. कलेचा इतिहास...”

“बसा.” बाईंनी खुर्चीवरची पुस्तकं उचलून खाली ठेवली. “मुलगा काय करतो आता?”

म्हणजे ओळख करून द्यायची गरज नव्हती.

“लाकूडकामाच्या कारखान्यात आहे. बरं चाललंय त्याचं.” आईने पदर नीट केला. “बाई, त्या पत्राचं...”

“पत्रात खोटं काहीच नव्हतं.” बाईंच्या आवाजात राग नव्हता आणि गोडवाही नव्हता. “अकराच झाली होती. नंतर मीच मोजली. मुलांचं नुकसान झालं, ते झालंच.” त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. “मंगळवार आणि शुक्रवार, साडेचार वाजता. मी येईन तुमच्याकडे. तिला एक दोनशेपानी वही आणून ठेवा.”

आईचा जीव भांड्यात पडला. पण जिना उतरताना तिला वाटून गेलं, हे इतकं सोपं व्हायला नको होतं.

बाई ठरल्या वेळी येत. एक मिनिट मागे नाही की पुढे नाही. जेवणाच्या टेबलावर जाड पुस्तक उघडत, शेजारी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवत आणि सांगायला लागत. आई कार्यालयातून आलेली असे. स्वयंपाकघरात शेंगा निवडताना तिला सगळं ऐकू येई.

“मुद्दा पहिला. रचना त्रिकोणी. मुद्दा दुसरा. प्रकाश डावीकडून. मुद्दा तिसरा. लाल रंग फक्त दोन ठिकाणी. मुद्दा चौथा. लिहिलंस? पान उलट.”

दर शुक्रवारी चाचणी. धाकटीला वीसपैकी अठरा पडत, कधी एकोणीस. कार्यालयात कोणी विचारलं तर आई म्हणायची, “अहो, बाई म्हणजे घड्याळ आहेत घड्याळ!” आणि ऐकणाऱ्याला हेवा वाटायचा.

दोन महिने असेच गेले. मग एक दिवस आईच्या लक्षात आलं की जेवताना घर फार शांत असतं. पूर्वी धाकटी घास हातात ठेवून बोलत बसायची. त्या चित्रातली बाई पाठमोरीच का, त्या म्हाताऱ्याने टोपी का काढली नसेल, असलं काहीबाही. जेव आधी, असं आईला दहादा सांगावं लागायचं. आता ती मुकाट्याने जेवून उठत होती. त्या दिवशी टेबल आवरताना पुस्तक उघडंच होतं. एक स्वयंपाकघर, चुलीवर भांडं, त्यापाशी उभी एक बाई. आईने सहज विचारलं, “ही भांड्याकडे का बघत नाहीये गं? उतू जाईल की.”

“ते मुद्द्यांत नाहीये,” धाकटी म्हणाली आणि पुस्तक मिटून घेऊन गेली.

रविवारी थोरला घरी आला. कारखान्याजवळच खोली घेऊन राहायचा तो, पंधरा दिवसांनी एक चक्कर असे. चहा पिताना त्याने ते पुस्तक चाळलं आणि त्याच पानावर त्याचा हात थांबला.

“हे आम्ही केलं होतं. अख्खा तास.”

“ह्या एकाच चित्रावर?” आईने विचारलं.

“वीस मिनिटं कोणाला काही दिसतच नव्हतं. स्वयंपाकघर, बाई, भांडं, संपलं. मुलं कंटाळून जांभया द्यायला लागली. मग वाफ दिसली.” त्याने पानावर बोट टेकवलं. “भांड्यातून सरळ वर जायला हवी ना? ती वाकलीय, ह्या बाजूला. म्हणजे वारा आलाय. म्हणजे दार आत्ताच उघडलंय, आपल्याला चित्रात न दिसणारं. कोणीतरी आलंय आणि ती कानोसा घेतेय. म्हणून तिचं भांड्याकडे लक्ष नाही.”

धाकटी केव्हाची त्याच्या खांद्याशी येऊन उभी होती. आईही वाकून बघत होती. वाफ खरंच वाकली होती.

“कोणाला दिसलं ते?” आईने विचारलं.

थोरल्याने उरलेला चहा एका घोटात संपवला.

“मला,” तो म्हणाला. “बाई नुसत्या माझ्या बाकापाशी येऊन उभ्या राहिल्या. घरी येईपर्यंत मी लोकांच्या खिडक्यांतून पडदे कुठल्या बाजूला उडतायत तेच बघत होतो.”

“मला सांगितलं नाहीस कधी.”

“त्याच दिवशी प्रगतिपुस्तक मिळालं होतं ना,” थोरला म्हणाला आणि कप विसळायला उठला.

मंगळवारी बाई निघाल्या तशी आई त्यांच्यामागून जिन्यापर्यंत गेली.

“बाई, जरा बोलायचं होतं. तुम्ही पूर्वी शिकवायचात तसं शिकवाल का?”

बाई एक पायरी उतरल्या होत्या, तिथेच वळल्या. “तसं शिकवलं तर चाळीस होणार नाहीत. पंचवीस होतील फार तर. मुलीच्या प्रवेशाचा प्रश्न आहे. विचार केलाय?”

“केलाय.”

“तिने?”

आईने मागे वळून घराच्या दाराकडे पाहिलं.

“दोघींचं ठरलं तर मला लिहून द्या,” बाई म्हणाल्या. त्यात टोमणा होता की काय हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्या सावकाश जिना उतरून गेल्या.

आईने धाकटीला समोर बसवलं. पत्र कोणी लिहिलं होतं, पहिली सही कोणाची होती, सगळं सांगितलं. धाकटीने नखाने टेबलावरचा एक डाग खरवडला.

“दादा म्हणाला होता मला,” ती म्हणाली. “मागेच.”

“आणि तू गप्प राहिलीस?”

“तू स्वतः सांगतेस का बघत होते.”

आईने मान खाली घातली. मग म्हणाली, “मार्क कमी पडले तर तुझं ते कॉलेज जाईल. नीट विचार कर.”

“तिथे जाऊन काय करायचंय? फाटलेली चित्रं जोडायचीयत. आधी ती बघता तर यायला हवीत.”

पत्र लिहायला आईला दोन संध्याकाळी लागल्या. हात सवयीने ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहून जायचा आणि कागद फाडावा लागायचा. शेवटी चार ओळी राहिल्या. बाईंनी एकेका चित्रापुढे हवा तेवढा वेळ घ्यावा. राहतील ती चित्रं राहू द्यावीत. मार्क कमी पडले तर बोल बाईंना नाही. मागचं पत्र लिहिताना मी मुलाला काही विचारलं नव्हतं. खाली दोघींच्या सह्या.

शुक्रवारी बाईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि पुस्तक उघडलं. आई स्वयंपाकघरात कान देऊन बसली. बाहेर सगळं शांत होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. खुर्ची करकरली. मग बाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा घाईचा.

“मुद्दा पहिला.”

निघताना त्या स्वतःच दारात थांबल्या.

“नाही जमलं,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज ओला वाटला. “तीन मिनिटं गप्प बसले आणि छातीत धडधडायला लागलं. दारापाशी कोणीतरी उभं राहून मिनिटं मोजतंय असं वाटतं हो. तुम्ही सांगून काय उपयोग? ते आता माझ्यातच येऊन बसलंय.”

आईने त्यांची पर्स धरली आणि जिन्याच्या तळापर्यंत त्यांच्यासोबत गेली.

पुढच्या मंगळवारी साडेचारला बाई आल्या तेव्हा टेबलाशी तीन खुर्च्या होत्या. आईने हात पुसले, बाहेर येऊन तिसरीवर बसली आणि खुर्ची पुढे ओढली.

“मीही बघते,” ती म्हणाली. “मला यातलं काही कळत नाही. चालेल ना?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं आणि पान उलटलं. एका मोठ्या कुटुंबाचं चित्र होतं. सात माणसं, ठेवणीतले कपडे घालून दिवाणखान्यात ओळीने बसलेली. बापाची छाती पुढे, आई मधोमध, एक लहान मुलगा अगदी कडेला उभा.

बाईंची बोटं एकदा पेनाकडे गेली आणि परत आली. बाहेर एक गाडी सुरू होऊन निघून गेली. धाकटीने हनुवटी तळहातावर टेकवली. आई कार्यालयातला एखादा गिचमिड अर्ज वाचावा तसं डावीकडून उजवीकडे, वरून खाली, कण न् कण बघत होती. किती वेळ गेला कोण जाणे.

“ह्या पोराची कॉलर मागून कोणीतरी धरून ठेवलीय,” आई म्हणाली. “पळू नये म्हणून.”

“कुठे?” बाई म्हणाल्या.

“ही काय, बोटं. दोनच दिसतात. आणि ही त्याच्या आईची नव्हेत. तिचे दोन्ही हात मांडीवर आहेत बघा.”

“बाकीच्यांचेही दिसतायत की,” धाकटी पुटपुटली आणि मोजायला लागली. “सगळ्यांचे. चौदाच्या चौदा हात दिसतायत.”

“मग ही कोणाची?” बाईंनी विचारलं.

बाईंना ठाऊक असेल म्हणून दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढला, पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि पानावर इतक्या वाकल्या की त्या दोघींना चित्र दिसेनासं झालं.