विश्रांती विभागाचे दार

शुक्रवार, १४ जून २०२४, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. ट्राउट मासे सहाशे बारा.

मोजणी मी केली, क्षिप्राने पडताळली. वरच्या विभागात एकशे सत्तावन्न, खालच्या विश्रांती विभागात चारशे पंचावन्न, मधला विभाग रिकामा.

विषुववृत्ताजवळच्या आमच्या शहरात, क्वीन्सटाउन भागातल्या एका जुन्या गोदामात आम्ही सहा वर्षे ही नदी चालवत होतो. नदी म्हणजे सिमेंटचा नव्वद मीटर लांबीचा वळणदार पाट, पाणी चौदा अंशांवर थंड ठेवलेले, त्यात बाहेरून आणून सोडलेले मासे. शनिवारी-रविवारी बँकांमधली मंडळी बाहेरच्या तेहेतीस अंशांतून आत येत, लोकरी टोप्या चढवत आणि गळ टाकत. वरच्या विभागात पकडलेला मासा लगेच सोडायचा आणि गळाचा उलटा काटा आधी घासून काढलेला हवा. मधल्या विभागातून माणशी दोन मासे नेता येत. खाली गळ टाकायला मनाई होती. जखमी, दमलेले मासे तिथे विसावत. ही विभागणी, विभागांमधली जाळीची दारे आणि पाण्याची सारी यंत्रणा माझ्या हातची होती. मी पुण्याच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला माणूस. वय एकाहत्तर.

गोदामाचा करार संपला होता. संध्याकाळी सहापर्यंत पाट कोरडा करून द्यायचा होता. माशांना मात्र जागा मिळाली होती. शेजारच्या मलेशियातल्या डोंगरावर एकाचे थंड पाण्याचे तळे होते आणि त्याचा टँकर साडेचारला येणार होता. त्याची एकच अट होती: सकाळच्या मोजणीतले निदान निम्मे मासे दुपारी चार वाजता जिवंत हवेत. त्याहून कमी उरले, तर कारण काहीही असो, तो सगळा लॉट रोगट धरणार आणि एकही मासा घेणार नाही. न घेतलेले मासे आम्हालाच मारावे लागणार होते. निम्मे म्हणजे तीनशे सहा.

"काका, आजोबांना वेगळी पिशवी द्यायची हं," क्षिप्रा म्हणाली. तिचा जन्म इथलाच. माशांना खायला घालणे आणि त्यांची तपासणी ही तिची कामे. फाटक्या ओठाच्या एका जुन्या माशाला ती आजोबा म्हणे. "अकरा वेळा पकडले गेले, तरी शहाणे झाले नाहीत. सेम लाइक यू."

"मला अजून कोणी पकडलेले नाही," मी म्हणालो.

अकरा बावन्नला वीज गेली. जनरेटर चालू झाला. वरच्या आणि मधल्या विभागांतले पाण्यात हवा सोडणारे पंप त्यावर चालू राहिले. खालचा पंप त्या जोडणीत नव्हता, कारण एरवी तिथे वीस-पंचवीस मासेच असत. आज प्रवासाआधी उपाशी ठेवायचे म्हणून मधले सगळे मासे मीच खाली आणले होते.

उपाय सोपा होता. जाळीचे दार उघडायचे. मासे आपणहून हवेच्या दिशेने वर गेले असते. दारावर प्लास्टिकचे सील होते. सील तोडायला दोन सह्या लागत, माझी आणि व्यवस्थापक प्रबोध यांची. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी न विचारता दार उघडले, आजारी मासे निरोग्यांत मिसळले आणि नव्वद मासे गेले. तेव्हा हा नियम मी लिहिला. क्षिप्राला सहीचा अधिकार द्यावा, असे प्रबोध यांनी सुचवले होते. अनुभव एक वर्षाने कमी, असा शेरा मारून मी ते नाव खोडले होते.

प्रबोध चांगी बिझनेस पार्कमधल्या मुख्य कचेरीत होते. फोन लागला, उचलला गेला नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी प्राणवायूचे माप नवावरून साडेसहावर आले होते. मी नोंद केली. पुन्हा फोन केला.

"काका, सील कापा."

"दुसरी सही नाही."

"मी करते ना सही!"

"तुझी चालत नाही."

"कोणाला नाही चालत? माशांना? ते फॉर्म वाचत नाहीत, लाह!" चिडली की तिच्या तोंडी इथली बोली येई.

सव्वाबाराला माप पाचवर. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले. चारशे तोंडांचा तो आवाज मंद आचेवरच्या आधणासारखा होता. साडेबाराला पहिला मासा पांढरे पोट वर करून आडवा झाला. क्षिप्रा गुडघाभर पाण्यात उतरली आणि बादलीने पाणी उंचावरून ओतू लागली. सील कापायची पक्कड माझ्या खिशात होती. ती मी हातात धरली, आणि सातव्यांदा फोन लावला.

बारा एकेचाळीसला प्रबोध यांनी फोन घेतला.

"मीटिंगमध्ये होतो, निशिकांतराव. बोला."

मी वस्तुस्थिती क्रमाने सांगितली.

"अहो, मग उघडायचं ना! मला काय विचारत बसलात?"

बारा त्रेचाळीसला दार उघडले. जे पोहू शकत होते, ते गेले. उरलेले जाळीला चिकटून राहिले. पाणी वाहत होते म्हणून हलत होते.

आम्ही मेलेले मासे गोळा केले, दहा-दहांच्या ओळीत मांडले. तीनशे चौदा भरले. चार वाजता मी जिवंत मासे मोजले. आकडा पटला नाही, म्हणून जाळी लावून पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा क्षिप्राने मोजले.

दोनशे अठ्ठ्याण्णव.

"आठ कमी," ती म्हणाली. दुपारनंतरचे तिचे ते पहिले शब्द. मग तिने माझी बाही धरली. "काका, तीनशे दहा लिहा. प्लीज. तिथे कोण मोजणार आहे? सोडतानाच थोडे मरतात, सगळ्यांना माहीत आहे."

मी पेन उघडले. आठांचा हिशेब मला ठाऊक होता. दहा मिनिटे आधी दार उघडले असते, तर आठांहून पुष्कळ अधिक वाचले असते. त्या वेळी मोडायचा तो नियम मी मोडला नव्हता. आता खोटा आकडा लिहिला, तर दुपारी नियम पाळणेही निव्वळ भित्रेपणा ठरले असते. खरा लिहिला, तरी ते भित्रेपणाच होते. मी दोनशे अठ्ठ्याण्णव लिहिले आणि सही केली.

क्षिप्राने कागद वाचला. "इथे दुसरी सही नाही लागत वाटतं," ती म्हणाली आणि ओल्या बुटांनी निघून गेली.

तळ्याच्या मालकाने फोनवर खेद व्यक्त केला. टँकर वाटेतूनच परत गेला.

अशा वेळी लवंगेचे तेल वापरतात. पाण्यात मिसळले की मासे आधी गुंगतात, मग त्यांचे कल्ले थांबतात. मात्रा मी तक्त्यावरून काढली, दोनदा तपासली, टाक्या भरल्या. फाटक्या ओठाचा मासा तिसऱ्या खेपेला आला. हातात धरला तेव्हा त्याने सुटायची धडपड केली नाही. अकरा वेळा त्याला सोडलेच होते.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी पाट कोरडा झाला. घरी बायकोने, शुभदाने, दार उघडले, माझ्या शर्टाचा वास घेतला आणि विचारले, "कोणाकडे मसालेभात होता का?" मग रोजच्याप्रमाणे विचारले, "आज किती?"

सकाळी सहाशे बारा. तळ्यावर पोहोचले शून्य.