ओल्या भिंतीवरचे तक्ते

बाळांनो, जरा कल्पना करा. तुम्ही अंथरुणावर पडलात, कूस बदलताना हात पुढे गेला आणि तळवा भिंतीला लागला. भिंत ओली. नुसती गार नव्हे, घाम फुटल्यासारखी चिकट. तळवा नाकाशी नेलात तर दप्तरात विसरलेल्या भिजक्या मोज्यासारखा वास. आता त्याच भिंतीला पाठ लावून तुमचा तीन वर्षांचा भाऊ झोपलाय आणि झोपेतही खोकतोय, असं समजा. झालं, तुम्ही दान्बीच्या जागी आलात.

दान्बी नऊ वर्षांची. कोरियाच्या जेजू बेटावर, समुद्राकडे तोंड करून असलेल्या एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती, आई मीरान आणि धाकटा उन् भाड्याने राहत. घर बू मालसून नावाच्या म्हातारीचं. ती पुढच्या बाजूला राहायची. बेटावर वडीलधाऱ्या माणसाला, बाई असो की पुरुष, साम्छुन, म्हणजे काका म्हणतात. दान्बीही म्हातारीला तसंच म्हणायची. आई मात्र पलीकडच्या मुलखातून, देगू शहरातून आलेली. ती ‘मालकीणबाई’ म्हणायची, तेही दातांखाली खडा आल्यासारखी.

हिवाळा सरताना तिथे एक आठवडा असा येतो की घर राखणारे जुने देव वर गेलेले असतात आणि नवे अजून उतरलेले नसतात. घर बदलणं, भिंत फोडणं, चूल हलवणं, सगळं त्या आठवड्यात उरकायचं. एरवी भिंतीला धक्का लावला तर घरात दुखणं शिरतं, असं बेटावरचे लोक मानतात.

गेल्या हिवाळ्यात त्या आठवड्यात मागच्या भिंतीला आतून थर्माकोलचे जाड तक्ते लावायचं ठरलं. थंडी आत येणार नाही, आणि तिथे हिवाळ्यात घराची जमीन खालून तापवतात, त्याला तेल कमी जळेल. खर्च निम्मा निम्मा. आईने हिवाळाभर संत्र्यांच्या पेट्या भरून साठवलेले पैसे त्यात घातले. पण आठवडाभर पाऊस. काम करणारे ह्यन काका भिंतीवर हात फिरवून म्हणाले होते, “ही आतून ओली आहे. शेगडी लावून चार दिवस वाळू द्या. नाहीतर ओल आतच कोंडेल.”

कुणी थांबलं नाही. तक्ते बसले, वर फुलाफुलांचा कागद चिकटला.

आता भर पावसाळा होता. कागदाला पोट आलं होतं, कडेने काळी बुरशी वर चढत होती. आईने म्हातारीला बोलावून आणलं आणि दारातच उभं केलं.

“घ्या, हुंगा.”

“हुंगायचं काय त्यात!” म्हातारी म्हणाली. “घरात कपडे वाळत घालायचे, वर दिवसभर जवाचा चहा उकळत ठेवायचा, आणि भिंत रडली की माझ्या नावाने गळा काढायचा. खिडकी उघडायची असते, हे तुमच्या देगूत शिकवत नाहीत वाटतं?”

“खिडकी उघडली की अर्धा समुद्र आत येतो. ही भिंत तुमच्या देवांनी घाईने बंद केलीय, मालकीणबाई. खर्च त्यांच्याकडेच मागा.”

“देवांचं नाव काढू नकोस! त्यांच्या जिवावर जन्मभर समुद्रात शिंपल्यांसाठी बुड्या मारल्या मी. तू पाण्यात पाऊल तरी घातलंयस का?”

“रोज घालते. या खोलीत.”

म्हातारीचा चेहरा लालेलाल झाला.

“तक्ते उखडा,” आई म्हणाली. “नवे लावा. सगळा खर्च तुमचा.”

“आत्ता? देव घरात बसलेले असताना? हिवाळ्यापर्यंत या भिंतीला कुणी बोट लावायचं नाही. आणि तेव्हा तुझं बिऱ्हाडही याच दारातून बाहेर काढते बघ.”

“काढा! पण चूक कबूल केल्याशिवाय माझ्याकडून भाड्याचा एक वॉन सुटणार नाही.”

उन्ला खोकल्याची उबळ आली. दान्बीने त्याची पाठ चोळली. हिवाळ्यापर्यंत, तिने मनात म्हटलं. म्हणजे अजून पाऊस, मग वादळं, मग संत्री पिकणार, तोवर हा असाच खोकणार.

“पोरीलाच विचार ना,” म्हातारी एकदम म्हणाली. “होती ती तिथे. सांग गं, लावून टाका असं कोण म्हणालं?”

“हो, सांगच,” आई म्हणाली, आणि तिने डोळे असे वटारले की काय सांगायचं ते दान्बीला बरोबर कळावं.

दान्बीला ती संध्याकाळ आठवत होती. साम्छुन म्हणाल्या होत्या, उद्या देव उतरतील, आजच संपवा. ह्यन काकांनी आईकडे पाहिलं होतं. तेव्हा आई म्हणाली होती, “लावा हो! या भिंतीपायी शेजाऱ्यांकडे अजून किती दिवस झोपायचं? उद्या मला कामावर जायचंय.”

“दोघी म्हणालात,” दान्बी म्हणाली. “साम्छुन देवांसाठी, आई कामासाठी. ह्यन काका एकटे नको म्हणत होते.”



“गप्प बस!” आई ओरडली. “कुणाचं खातेस आणि कुणाची बाजू घेतेस?”

“माझी कसली बाजू?” म्हातारी उसळली. “बघ ना, म्हातारीच्या डोक्यावर अर्धं खापर ठेवून मोकळी झाली! आईचंच वळण.”

“माझं वळण काढायचं काम नाही!”

“मग पोरीला जीभ आवरायला शिकव.”

“ते मी बघीन!”

पोरगी शेफारली आहे, एवढ्या एका गोष्टीवर दोघींचं एकमत झालं, आणि लगेच त्या पुन्हा एकमेकींवर तुटून पडल्या. भिंतीकडे कुणी पाहिलंच नाही.

दान्बीने उन्ला उचललं. त्याची गादी ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी नेली, तिथे त्याला बसवलं. मग ती परत आली आणि कागदाच्या फुगलेल्या पोटात तिने दोन्ही हातांची नखं रोवली.

“हात काढ! देव कोपतील!” म्हातारी किंचाळली.

“दान्बी, फाटलं तर भरपाई आपल्याला पडेल!” आई धावली.

दान्बीने सगळा भार टाकून कागद खाली ओढला. तो ओल्या चामड्यासारखा सरकत आला. तक्त्याच्या सांध्यातून काळं पाणी तिच्या पायांवर ओघळलं. तिने कोपऱ्यातली चपटी भातवाढी उचलली, सांध्यात घुसवली आणि पहिला तक्ता उचकटायला लागली.