लिफ्टमधली युती

मुलुंडच्या त्या वॉर्डात अंबादास तायडे तीनदा उभे राहिले. एकदा आले, दोनदा गिल्बर्ट परेराने पाडले. शाळेत दोघं एका बाकावर बसायचे, पण राजकारणात शिरल्यापासून एकमेकांचा बॅनर दिसला तरी दोघांचं डोकं फिरायचं.

यंदा तिकिटं जाहीर व्हायच्या आधीच प्रचार सुरू झाला, आणि भांडण पेटलं ते लिफ्टवरून. एका जुन्या सोसायटीत नवी लिफ्ट बसली. रहिवाशांनी वर्गणी काढून बसवलेली! तरी फाटकावर दोन बॅनर झळकले, एक तायडेंचा, एक परेराचा. दोन्हींवर ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’.

रविवारी अंबादास मतदारांना भेटायला त्याच लिफ्टमध्ये शिरले. दार मिटता मिटता गिल्बर्टही आत घुसला. मध्येच हिसका बसला, दिवा गेला आणि लिफ्ट अडकली.

“कोणी लावली रे ही लिफ्ट?” बाहेरून कोणीतरी ओरडलं.

“गिल्बर्टने!” अंबादास म्हणाले.

“तायडेने!” गिल्बर्ट त्याच दमात ओरडला.

जिन्यात हशा पिकला. सोसायटीच्या सेक्रेटरी नीलमताई म्हणाल्या, “मेकॅनिक ट्रॅफिकमध्ये अडकलाय. तोवर पाणी कधी येणार तेवढं सांगा!”

अंबादासांना घाम फुटला. बंद जागेची त्यांना लहानपणापासून धास्ती होती आणि ती फक्त बायकोला, शकुला, ठाऊक होती.

“काय रे, थरथरतोस काय?”

“मोबाइल आहे. व्हायब्रेट होतोय.”

“मोबाइल तर आत्ता खाली कार्यकर्त्याकडे दिलास ना!” गिल्बर्टने अंधारात चाचपून त्यांचा हात धरला. “बस खाली. मी कोणाला बोलायचो नाय.”

दार उघडलं तेव्हा दोघं फरशीवर हातात हात घालून बसले होते, आणि समोर सगळ्यांचे कॅमेरे. संध्याकाळपर्यंत फोटो वॉर्डभर फिरला: ‘गुप्त बैठक!’

“वाट लागली, शकु. तिकीट गेलं.”

“हात तुम्ही धरलात की त्याने?”

“आता ते कोण विचारतंय!”

सकाळी पक्षाच्या साहेबांचा फोन आला. “शाब्बास, तायडे! वर युतीची बोलणी चालली होती. खालची माणसं जुळतील का, एवढीच शंका होती. तुमचा फोटो पाहिला आणि युती झाली!”

“मग जागा, साहेब?”

“जागा परेराला. तुमचं मन मोठं आहे, फोटोत दिसतंच.”

पहिल्या संयुक्त सभेत अंबादासांनी माइक हातात घेतला. जिभेला इतक्या वर्षांचं वळण. “बंधू-भगिनींनो, या गिल्बर्टला कायमचं घरी बसवा!”

मंचावरून गिल्बर्टही सवयीने उठला, “या तायडेने काय दिवे लावले ते आधी विचारा!”

मग दोघांनीही जीभ चावली. मांडवात मात्र शिट्ट्या वाजल्या.

गिल्बर्ट निवडून आला. अंबादासांची स्वीकृत नगरसेवक म्हणून सोय लागली. पहिल्याच बैठकीत गिल्बर्टने बागेचा ठराव मांडला, तेव्हा त्यांनी उभं राहून पाठिंब्याचं भाषण केलं आणि घरी येऊन पलंगावर आडवे झाले.

“बरं नाही का?” शकुने विचारलं.

“चांगला ठराव होता गं,” ते कण्हले. “फार जड गेलं.”