निरोप अडवलेल्या पेशी

नळीच्या टोकाला लोंबणारा गुलाबी थेंब सुटेना... अंगठ्याने किंचित दाबलं तेव्हा पडला. पेशींवरचं पाणी. रात्रभर त्यांनी जे काही बाहेर टाकलं असेल ते याच पाण्यात. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरच्या पेशी या. आणि ती प्रयोगशाळेत दिवसभर त्यांना लाडीगोडीने विचारत असते – काय टाकता गं, किती टाकता, कुणाच्या सांगण्यावरून टाकता? कारण बाहेरून निरोप येतो, पेशीच्या दाराशी थबकतो, मग आत हातोहात पुढे सरकतो, आणि तेव्हा कुठे प्रथिनाच्या इवल्या पिशव्या काठाशी येऊन रित्या होतात. काल तिने औषध घालून तो निरोप मध्येच अडवला होता.

"पाण्यात काहीच नाही," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण आकडे बघून म्हणाली. "तुझ्या पेशी अगदी सोज्वळ झाल्या की!"

"फोडून बघू."

फोडल्या. आत प्रथिन ठासून भरलेलं. बनवायचं ते बनवत होत्या, फक्त बाहेर सोडत नव्हत्या.

"दे टाळी!" मैत्रीण म्हणाली, पण हिचा हात वर होईना, कारण त्याच क्षणी आजची सकाळ डोळ्यांपुढे आली – बाथरूमचं बंद दार, आत धो-धो सोडलेला नळ, आणि बाहेरून ही: "बाबा, नळाला आंघोळ घालताय का? उशीर होतोय मला!" "झालं गं, झालं..." बाहेर आले ते टॉवेल पुढे धरून. टॉवेलखाली लेंग्यावर ओला डाग. तिने तो पाहिला, आणि लगेच घड्याळाकडे पाहिलं. नळ कशासाठी सोडतात, कुठला अडखळता आवाज झाकायला, हे तिला कळत नव्हतं थोडंच? तिला! रक्तात हेच प्रथिन मोजायचं, इतकी साधी तपासणी... आणि उशीर झाला तर काय होतं, तेही तिलाच ठाऊक.

पण लाज त्याच्याही खाली होती, गाळासारखी. मागे एकदा जेवताना, ताटावरची नजर न उचलता, त्यांनी विचारलं होतं, "तुझ्या त्या पेशी कशाच्या गं?" आणि शंभर माणसांपुढे भिंतभर चित्र लावून 'प्रोस्टेट' हा शब्द खणखणीत उच्चारणारी ती – ती म्हणाली, "अशाच. शरीरातल्या." "असं होय," बाबा म्हणाले. ग्लास उचलला, न पिताच ठेवला. आई गेल्यावर घरात विचारायला दुसरं होतं कोण? तेवढ्या चार शब्दांसाठी किती दिवस धीर गोळा केला असेल... आणि तिने त्यांच्या तोंडावर दार लोटलं, तेही हळूच, आवाज न करता.

हातमोजे काढून ती जिन्यात आली. फोन लावला.

"काय गं, डबा विसरलीस?"

"नाही. बाबा, एक विचारायचंय. तुमच्या... तब्येतीचं."

पलीकडे खुर्ची करकरली.

"संध्याकाळी बोलू की."

"संध्याकाळी तुम्ही पेपर वाचत बसाल."

"आणि तू?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं," ते म्हणाले, अगदी बारीक आवाजात, "विचार."

शब्द सगळे होते तिच्याकडे, आणि एकही चालेना. कानाच्या पाळ्या तापल्या. आणि एकाएकी, कुठल्या तळातून कोण जाणे, हाफचड्डीतली ती, ओली, रडवेली, आणि समोर उकिडवे बसलेले ते: "शू लागली की सांगायचं हं, बाळा. त्यात लाजायचं काय?" तरी ती लाजलीच होती. आताही लाजत होती... पण पाळ्या निवण्याची वाट न बघता तिने तोंड उघडलं.