पिंपळाच्या पानांचा देश

श्रीलंकेबद्दल काहीही विचारा, लहानूजी सांगत. सगळ्यात लांब नदी महावेली, सगळ्यात उंच डोंगर पिदुरुतलागला. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस एरवी गुढ़ियारीच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मान खाली घालून चालायचा. पण मुलाला, यशदीपला, कोलंबोच्या हॉटेलात नोकरी लागली आणि त्यांनी तो देश वाचून वाचून पाठ केला. पानठेल्यावरचे लोक हाक मारत, "काय लंकेश, आज काय नवीन?" ते कसनुसं हसत.

त्यांच्या बायकोला, मीराबाईंना, मुलाला समुद्रापार धाडायचं नव्हतं. त्यांचं मन वळवलं झेंड्याने. लहानूजींनी पुस्तकातलं चित्र त्यांच्यापुढे धरलं. तांबड्या जमिनीवर तलवार घेतलेला सोनेरी सिंह, चार कोपऱ्यांत पिंपळाची चार पानं.

"हे बोधिवृक्षाचे पानं होत," ते म्हणाले. "मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. बुद्धानं शिकवलेले चार गुण."

मीराबाईंनी विहारात जोडावेत तसे हात जोडले आणि त्याच संध्याकाळी बॅग भरायला घेतली. "बुद्धाच्या देशात माह्या पोट्ट्याले कोण हात लावते?" शेजारणींना त्या सांगत सुटल्या.

यशदीपने तिथल्या विमानतळावरून त्याच झेंड्यासमोरचा फोटो पाठवला. मग काहीच नाही. त्याचा फोन बंद, नोकरी लावून देणाऱ्या शंकर नगरातल्या एजंटच्या दुकानाला कुलूप. ठाण्यात तक्रार लिहून घेतली, एवढंच. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. लहानूजी लंकेबद्दल वाचत राहिले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर यशदीपबरोबर गेलेल्या विकीचा फोन आला. धाकट्या लेकीने, रुचिताने, स्पीकर लावला.

"अंकल, मैं तो कोलंबो से ही भाग आया था. एजंट ने धमकाया था, इसलिए चुप रहा."

"यश कुठं हाय, बेटा?" लहानूजींनी विचारलं.

"वहाँ किसी को रखा ही नहीं. एअरपोर्ट से ही बाकी सबको दूसरे प्लेन में बिठा दिया."

"कौन से देश में?" रुचिता ओरडली.

"नहीं बताया, दीदी. कसम से." फोन कटला.

मीराबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "तुमी तं मले पानं दाखवले होते."

"हव."

पुस्तकात काही खोटं नव्हतं. झेंडा तसाच होता, पानंही तशीच. जे एजंटला खोदून विचारायचं, ते त्यांनी चित्राला विचारलं होतं. त्या माणसासमोर आपली जीभ उचलली नव्हती, हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. सांगून आता काय होणार होतं?

"पापा, थाने चलो," रुचिता म्हणाली. ते चपला शोधू लागले. चपला पायातच होत्या.

मीराबाई उंबऱ्यात बसल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, तिथं आता दिवस असन का रात?"

लहानूजींनी सवयीने तोंड उघडलं. आणि तसेच उभे राहिले.