अण्णांची कवळी आणि ठकीची बुरशी

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या अण्णांचा दोन गोष्टींवर गाढ विश्वास होता: स्वतःच्या नजरेवर आणि स्वतःच्या रक्तावर. नजर अजून शाबूत होती. रक्ताचं म्हणाल, तर "मला कधी साधा ताप आलेला नाही," हे ते पाहुण्याला बसा म्हणायच्या आधी सांगत.

त्यामुळे कवळीखालची टाळू झोंबायला लागली, तेव्हा महिनाभर त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. पत्ता लागला ठकीला. ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक; वय अडतीस, काम बुरशीच्या प्रयोगशाळेत, पण घरी अजून ठकीच. रविवारी ती जेवायला आली, तर वडील बटाटा कुस्करून न चावताच गिळताना दिसले.

"अण्णा, आ करा."

"जेवताना?"

"आ करा म्हटलं ना."

तिनं मोबाइलचा उजेड मारून पाहिलं. टाळू लालभडक. "कवळी झोपताना काढून ठेवता ना?"

अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले.

दंतवैद्यांनीही तेच विचारलं. कवळीवर बुरशीचा थर जमलाय, औषध देतो, पण कवळी रोज घासायची आणि झोपताना काढायची, असं त्यांनी बजावलं. औषध अण्णांनी घेतलं. बाकीचं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. "माझं रक्त बघून घेईल."

"मग बघूच या तुमचं रक्त," ठकी म्हणाली.

तिनं कवळीवर कापसाची काडी फिरवून बुरशी नेली, आणि कवळ्या ज्याच्या बनवतात त्याच प्लॅस्टिकच्या तुकड्यावर दोन दिवस वाढवली. वरिष्ठ बाईंची परवानगी काढली. बुधवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून प्रयोगशाळेत हजर. रक्त दिलं. त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायला दोन तास लागले; तेवढ्यात त्यांनी भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे असल्याचं हुडकून काढलं आणि खुर्चीवर चढून ते नीटही केलं.

मग ठकीनं त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पहिल्या बशीत बुरशीच्या सुट्या पेशी होत्या, लाल रंगवलेल्या. अण्णांच्या पेशी हिरव्या. एक हिरवी पेशी सरपटत लाल ठिपक्यापाशी गेली आणि त्याच्याभोवती मिटली.

"गिळलं! अख्खं गिळलं गं!" अण्णा ओरडले. पलीकडच्या टेबलावरचे दोघे हसले.

"आता हे बघा." ठकीनं बशी बदलली.

इथं सुटं काहीच नव्हतं. लाल धाग्यांची दाट गुंतवळ, वर चिकट आवरण. हिरव्या पेशी तिच्यावर येत होत्या, जरा फिरत होत्या आणि थांबत होत्या. अण्णांनी वाट पाहिली. काहीच घडेना.

"हे शिपाई का बसून आहेत?"

"गिळण्याएवढं लहान नाही ना ते. एरवी अशा वेळी या पेशी स्वतःच्याच धाग्यांचं जाळं फेकतात. पण थर पक्का झाला की तेही जवळपास बंद. वरचं आवरण त्यांना गप्प करतं. ते नेमकं कसं, तेच आम्ही शोधतोय."

"माझेच ना हे?"

"तुमचेच."

"बिचारे," अण्णा हळूच म्हणाले. "अजून थोडे घालून बघ. हवं तर रक्त घे आणखी."

"हजारो घातलेत, अण्णा."

बराच वेळ ते डोळा लावून बसले. मग म्हणाले, "जुनं तेल घट्ट झालं की वरून नवं घालून चालत नाही. घड्याळ खोलून धुवावंच लागतं."

"तेच तर डॉक्टर सांगत होते."

अण्णांनी डोळा काही काढला नाही. तसंच खाली बघत बोलले, "कवळी काढली की माझे गाल आत जातात. कवळी लावून बारा वर्षं झाली. तुझ्या आईनं मला तसं पाहिलेलं नाही."

ठकीनं व्याख्यानाची तयारी केली होती. ते तिनं गिळलं आणि वडिलांच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. अण्णांनी दोनदा खाकरून सगळं सांगून टाकलं. तिनं हातातली चादर खाली ठेवली.

"अहो, तुम्ही तोंड उघडं टाकून झोपता. कवळी सुटून लोंबते. पहिल्या वर्षापासून मी बोटानं वर सरकवतेय. घशात गेली असती म्हणजे?"

"म्हणजे तू पाहिलंयस?"

"रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला एवढं लपवायचं होतं, म्हटलं लपवू देत."

अण्णा न्हाणीघरात गेले, कवळी घासून वाटीत ठेवली आणि तसेच बाहेर आले. काहीतरी गंभीर बोलायला गेले, तर सगळा 'स' हवेत उडाला. बायको चादरीत तोंड खुपसून हसली. मग तेही हसले, अगदी हिरड्या दाखवून.

पंधरा दिवसांनी ठकीनं रात्री फोन केला. आईनं उचलला. "टाळू बरी आहे गं. पण ते आत्ता बोलायचे नाहीत, कवळी भिजतेय."

"बोलतो की!" मागून अण्णांचा आवाज आला, आणि पुढचं एक अक्षरही ठकीला कळलं नाही.