रेडमोरांच्या दारातला दगड

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, आणि पायाखालचा आहे. इंग्लंडात, लेस्टरहून बसने तासाभरावर रेडमोर घराण्याची हवेली आहे. तिच्या मोठ्या दारात मला उंबरठा म्हणून पुरलं आहे.

जन्माने मी उंबरठा नाही. मी एका मठातली वेदी होतो. चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक, असे पाच क्रूस माझ्यावर कोरलेले. पहाटे साधू येत, मला ओठ टेकवून प्रार्थना सुरू करत. मग ट्यूडर राजाने मठ मोडले. त्याच्या दरबारातल्या सर ह्यूगो रेडमोरला आमची जमीन बक्षीस मिळाली. त्याने घंटा वितळवल्या आणि मला मुद्दाम इथे आणून बसवलं. राजाची माणसं जेवायला आली तेव्हा तो म्हणाला, "या, पाय पुसा. साधूंचा देव आहे!"

ते हसणं मी विसरलो नाही. त्याच्या लेकानातवांच्या टाचाही माझ्यावरूनच गेल्या. क्षमा करावी म्हणतात. मी करून पाहिली, जमली नाही. क्रूस झिजून केसाएवढे उरले. ते पुसले गेले, की मी कोण होतो हे कुणालाच कळणार नाही, एवढीच धास्ती होती.

यंदा सुप्रभाबाई सफाईच्या कामाला आल्या. पहिल्याच दिवशी त्या मला ओलांडून आत गेल्या. पाय ठेवला नाही हो! चातुर्मासात उंबरठा पुजायचा त्यांचा नेम. "जिथे राबते तोही माझाच उंबरठा," म्हणत त्या रोज मला धुवायच्या, ओल्या हळदीचा हात फिरवायच्या. हवेली बघायला लोक यायच्या आत पुसूनही घ्यायच्या. पण हळद ती हळद.

एका सकाळी लेडी रेडमोरबाईंनी पाहिलं.

"माझ्या पूर्वजांचा दगड हा! काय फासलंस?"

"फासलं नाही बाई, पुजलं."

"घासून काढ. आणि उद्यापासून येऊ नकोस."

सुप्रभाबाई घासू लागल्या. शाल्मली मदतीला धावली. ही इंग्लंडातच जन्मलेली मराठी मुलगी, हवेलीत गाईड आहे.

"मावशी, हे स्टेन निघतच नाही... वेट. बघा ना, शेप आहे काहीतरी!"

वरची हळद गेली होती, चिरांतली राहिली होती. पिवळेजर्द पाच क्रूस.

"ओ गॉड, फाइव्ह क्रॉसेस! मठाचं ऑल्टर आहे हे. आणि आपण सगळे यावर शूज घालून?"

लेडीबाईंनी वाकून पाचही क्रूस मोजले. पुढच्या आठवड्यात येणंजाणं बाजूच्या दाराने सुरू झालं, माझ्याभोवती मखमली दोरी आली, पाटी आली : 'रेडमोर घराण्याने पाच शतकं जपलेली पवित्र वेदी'.

जपलेली!

सुप्रभाबाई किल्ली परत द्यायला आल्या, मागच्या दाराने.

"मावशी, सांगा ना त्यांना, इट वॉज यू!" शाल्मली चिडली होती.

"जाऊ दे गं. ज्याची पूजा त्याला पोचली."

त्यांनी दोरीबाहेरून हात जोडले आणि बस पकडायला गेल्या. त्यांना परत कुणी बोलावलं नाही.

मित्रांनो, असली पाटी दिसली की जरा वाकून दगडाची झीज बघा. जपलं कुणी नि तुडवलं कुणी, ते तिथे खरं लिहिलेलं असतं. परवा माणसं आणून मला औषधाने धुतलं. तरी मधल्या क्रुसात हळदीची एक रेघ राहिली आहे. ती मी सोडणार नाही.